खालची पायरी आणि लेखी शब्द

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर अमलात आल्या, तेव्हा त्यांवर बरीच चर्चा झाली. कारखाना बंद करण्यासाठी वा कामगारकपातीसाठी लागणाऱ्या परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली, संपाच्या नोटिशीचे नियम कडक झाले, मुदतबंद नोकरीला कायद्याची मान्यता मिळाली, हे सारे मुद्दे कामगार संघटनांनी आणि उद्योजकांनी आपापल्या बाजूने हिरिरीने मांडले. त्या गदारोळात एका तरतुदीचे स्वागत मात्र दोन्ही बाजूंनी केले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे, ही ती तरतूद होय. नोकरी कोणती, पगार किती, हे पांढऱ्यावर काळे झाल्याखेरीज माणसाला कामाला लावू नये, हे तत्त्व स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी का होईना, सर्वसाधारण कायद्यात आले. परंतु नेमणूकपत्र ही नोकरीच्या उंबरठ्यावरची गोष्ट झाली. आत शिरल्यावर वीस वर्षांनी त्याच माणसाला एक पायरी खाली उतरण्यास सांगितले गेले, तर त्या वेळी त्याच्या हाती कोणता कागद पडावा, या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर या संहितांत सापडत नाही.

हा प्रश्न नवी मुंबईइतका अन्यत्र क्वचितच निकडीचा असेल. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या पट्ट्यात एके काळी रसायने, औषधे, यंत्रे आणि कापड यांचे कारखाने होते. त्यांतील अनेक बंद पडले, काही स्थलांतरित झाले. ऐरोली, घणसोली, महापे, कोपरखैरणे या परिसरात आज माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. एका पिढीने येथे यंत्रावर हात काळे केले. दुसरी पिढी संगणकासमोर बसून परदेशातील ग्राहकांचे हिशेब ठेवते. कामाचे रूप इतक्या वेगाने बदलते तेथे माणसांची पदे स्थिर राहतील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. एखादा उत्पादन विभाग बंद होतो, दोन कंपन्यांचे विलीनीकरण होते, परदेशी ग्राहक कंत्राट काढून घेतो, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या पर्यवेक्षकापुढे दोनच वाटा उरतात: राजीनामा देणे किंवा खालचे पद पत्करणे. कधी कारण घरातले असते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रात्रपाळी झेपत नाही, आईवडिलांच्या आजारपणामुळे गटप्रमुखपदाची धावपळ नकोशी होते, बाळंतपणानंतर परतलेल्या स्त्रीला काही काळ हलके काम हवे असते. खारघर वा उलवे येथील घराचे हप्ते चालू असतात आणि मुलांची शिक्षणे अर्ध्यावर असतात. अशा वेळी खालची पायरी पत्करणे हा शहाणपणा असतो, आणि पुष्कळदा ते धैर्यही असते.

तरीही आपल्या समाजात पद हे केवळ कामाचे नाव नसते. ती प्रतिष्ठा असते. लग्नाच्या याद्यांत, सोसायटीच्या सभेत, नातेवाइकांच्या बोलण्यात माणूस हुद्द्याने ओळखला जातो. म्हणून पायरी उतरणारा माणूस ही गोष्ट शक्य तितकी गुपचूप उरकू पाहतो. वरिष्ठांच्या खोलीत पाच-दहा मिनिटांचे बोलणे होते. ‘पगाराला धक्का लागणार नाही, काळजी करू नका’ असे आश्वासन मिळते. ते लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी भीड त्याच्या मनात दाटते. भीड ही भिकेची बहीण आहे, असे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही.

‘पगार’ या शब्दाचे तीन अर्थ

या आश्वासनात खोटेपणा असतोच असे नव्हे. ते देणारा अधिकारी बहुधा प्रामाणिक असतो. अडचण अशी, की ‘पगार’ हा शब्द तिघांच्या तोंडी तीन अर्थांनी येतो. नोकरदाराच्या मनात महिनाअखेर बँकेत जमा होणारी रक्कम असते. मनुष्यबळ विभागाच्या कागदावर कंपनीला वर्षभरात त्या माणसापायी येणारा एकूण खर्च, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘सीटीसी’ म्हणतात तो आकडा असतो. कायदा मात्र मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर नजर ठेवतो, कारण भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब त्यावर होतो. एकूण रक्कम तेवढीच ठेवून मूळ वेतन घटविले आणि भत्ते वाढविले, तर ‘पगाराला धक्का लागला नाही’ हे विधान अक्षरशः खरे ठरते आणि तरीही माणसाचे नुकसान होते. भत्ते आणि तत्सम वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनातच धरावा, असा दंडक नव्या संहितांनी घातला आहे. त्यामुळे या प्रकाराला काहीसा आळा बसेल. पण निम्म्यापर्यंतची मोकळीक शिल्लक राहतेच.

आश्वासन देणारा अधिकारी दोन वर्षांनी बदलून जातो वा स्वतःच नोकरी सोडतो, ही दुसरी अडचण. त्याच्या जागी आलेला मनुष्य कागद पाहतो. कागदावर नवे पद आणि त्या पदाची वेतनश्रेणी एवढेच असते. पुढच्या वेतनवाढीच्या वेळी ‘या पदाला एवढा पगार जास्त आहे’ असे कोणाच्या तरी लक्षात येते आणि वाढ गोठविली जाते. लेखी कराराच्या अटी तोंडी पुराव्याने फिरविता येत नाहीत, हे आपल्या पुरावा कायद्याचे १८७२ पासूनचे तत्त्व आहे आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. कामगार न्यायालये या नियमांना काटेकोरपणे बांधलेली नसली, तरी स्वतःच्या सहीच्या कागदाविरुद्ध ‘साहेब असे बोलले होते’ हे सांगणाऱ्याची बाजू तेथेही लंगडीच पडते.

हिशेब शेवटी चुकतो

या व्यवहारातील सर्वात मोठा तोटा मात्र दरमहाच्या पगारात दिसत नाही. तो सेवेच्या अखेरीस दिसतो. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या वेतनावर होतो. महिन्याच्या वेतनाचे सव्वीस भाग करून त्यांतील पंधरा भाग सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी द्यायचे, असा १९७२ च्या कायद्याचा नियम होता आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पद्धत तीच ठेवली आहे. समजा, रबाळे येथील एका कारखान्यातील पर्यवेक्षकाची वीस वर्षे सेवा झाली आहे आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्याला ३९ हजार रुपये मिळतात. त्या दिवशी तो बाहेर पडला, तर दर वर्षाला साडेबावीस हजारांप्रमाणे त्याला साडेचार लाख रुपये मिळतील. बाहेर न पडता त्याने २६ हजारांचे खालचे पद पत्करले आणि आणखी दोन वर्षे काम केले, तर हिशेब दर वर्षाला १५ हजारांप्रमाणे बावीस वर्षांचा होतो आणि हाती तीन लाख तीस हजार पडतात. दोन वर्षे अधिक राबून एक लाख वीस हजार रुपये कमी, असा हा उफराटा व्यवहार आहे. खालच्या पदावरची दोन वर्षे वरच्या पदावरच्या वीस वर्षांची किंमत उतरवून ठेवतात.

कायदा करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नव्हती असे नाही. अपंगत्व आल्यामुळे कमी वेतनावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी दोन भागांत काढावी, अपंगत्वापूर्वीच्या सेवेचा हिशेब जुन्या वेतनावर आणि नंतरच्या सेवेचा हिशेब नव्या वेतनावर व्हावा, अशी तरतूद त्यांनी मूळ कायद्यातच केली होती. जो न्याय अपघातात हात गमावलेल्या कामगाराला लागू होतो, तो विभाग बंद पडल्यामुळे पद गमावलेल्याला मात्र आपोआप लागू होत नाही. करार करून अधिक चांगल्या अटी मिळविण्यास कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे ‘मागील सेवेची ग्रॅच्युइटी जुन्या वेतनावर मोजली जाईल’ हे एक वाक्य पत्रात असले, तर वरच्या उदाहरणातील माणसाला जुन्या वीस वर्षांचे साडेचार लाख आणि नव्या दोन वर्षांचे तीस हजार मिळू शकतात. त्या एका वाक्याची किंमत दीड लाख रुपये आहे. ते लिहून मागण्याची भीड इतकी महाग पडते.

कामगारकपातीच्या भरपाईतही हीच गत होते. प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असे तिचे किमान माप आहे आणि मासिक पगार घेणाऱ्याचे सरासरी वेतन अखेरच्या तीन पूर्ण महिन्यांवरून काढतात. कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून औद्योगिक संबंध संहितेने निर्माण केलेल्या निधीतील पंधरा दिवसांचे वेतनही शेवटच्या दराने मिळावयाचे आहे. तेव्हा आज कपात टाळण्यासाठी खालचे पद स्वीकारणारा माणूस वर्षभराने कपातीत सापडलाच, तर साऱ्या सेवेची भरपाई घटलेल्या दराने होते. मालकाची नियत वाईट नसतानाही हे घडते. ती वाईट असेल, तर पदावनती हा कपात स्वस्तात उरकण्याचा मार्ग ठरू शकतो.

एकाच शहरात दोन न्याय

खासगी नोकरीतील ही अनिश्चितता सरकारी नोकरीशी ताडून पाहिली म्हणजे तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. बेलापूरच्या कोकण भवनात बसणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचे कवच आहे. आरोप, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी यांवाचून शिक्षा म्हणून त्याला पदावनत करता येत नाही. केंद्र शासनाचे मूलभूत नियम आणखी पुढे जातात. अकार्यक्षमता वा गैरवर्तन नसेल, तर कर्मचाऱ्याला त्याच्या कायम पदापेक्षा कमी वेतनाच्या पदावर केवळ त्याच्या लेखी विनंतीवरूनच पाठविता येते. असा बदल झाल्यावर पगार कसा ठरवावा हेही नियमात आहे: जुना पगार नव्या श्रेणीत बसत असेल तर तो राखला जातो, आणि बसत नसेल तर त्या श्रेणीतील कमाल पगार मिळतो. पायरी उतरणे ही चोरून करण्याची गोष्ट नसून रीतसर नोंदविण्याची गोष्ट आहे, हे येथे गृहीत धरलेले आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याची पदावनती करू नये आणि दुसरे काम देताना वेतनश्रेणी तीच ठेवावी, हा नियम १९९५ च्या आणि नंतर २०१६ च्या अपंगविषयक कायद्याने घातला. तेलंगणच्या परिवहन महामंडळात रंगांधळेपणामुळे नोकरी गमावलेल्या चालकाला त्याच वेतनश्रेणीत दुसरे योग्य काम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. २०१६ च्या कायद्यातील हे संरक्षण मात्र सरकारी आस्थापनांपुरते आहे. त्यामुळे महापालिकेच्या परिवहन सेवेतील बसचालक त्याच्या छायेत येतो. ऐरोलीच्या कंपनीतील कर्मचाऱ्यांना नेऊन सोडणारा खासगी गाडीचा चालक येत नाही.

याहून बोलके उदाहरण तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आहे. पाठीवर गोणी वाहणारा माथाडी कामगार हा एके काळी अत्यंत असुरक्षित श्रमिक होता. आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे, आणि मजुरी मिळेल ती, असा त्याचा संसार होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी आणि त्यावरील लेव्ही यांचा मंडळाकडे भरणा, आणि मंडळाच्या वहीतून कामगाराला मोबदला, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिली. तिच्या अंमलबजावणीत दोष आहेत आणि बोगस माथाड्यांचा प्रश्नही वारंवार गाजला आहे. तरीही मूळ तत्त्व अबाधित आहे: कष्टाचा दर मालकाच्या मर्जीत नव्हे, वहीत असावा. अक्षरओळख नसलेल्या हमालांनी लढून जे मिळविले, ते त्याच शहरातील पदवीधर वातानुकूलित खोलीत बसून हातचे घालवितो, हा विरोधाभास अंतर्मुख करणारा आहे.

कायदा कोठे थांबतो

खासगी क्षेत्रात कायदा अगदीच मूक आहे असे नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगारातील बेकायदा वजावटींना बंदी केली. मात्र पुरेशा व योग्य कारणास्तव खालच्या पदावर वा श्रेणीत आणल्यामुळे घटणारे वेतन ही वजावट मानू नये, असेही सांगितले. हीच भूमिका २०१९ च्या वेतन संहितेत आहे. कारण योग्य होते की नाही, हे ठरविण्यासाठी कारण कोठे तरी लिहिलेले असले पाहिजे. आणि तेच बहुधा लिहिलेले नसते. वेतनादी सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, हा औद्योगिक कलह कायद्यातील नियम नव्या औद्योगिक संबंध संहितेत कायम राहिला आहे. परंतु तो ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांपुरता आहे. व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच दरमहा १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर आहेत. पायरी उतरण्याची वेळ बहुधा ज्यांच्यावर येते, नेमका तोच वर्ग नोटिशीच्या संरक्षणाबाहेर राहिला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पर्यवेक्षकाचे पद सोडून प्रत्यक्ष यंत्रावर वा कारकुनी कामावर आलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ होऊ शकतो. त्याला जादा कामाचा दुप्पट मोबदला मागता येतो, कपातीविरुद्धचे संरक्षण मिळते आणि कामगार न्यायाधिकरणाचे दार उघडते. न्यायालये या बाबतीत पदाच्या नावाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाकडे पाहतात. म्हणून नव्या पदावरची कर्तव्ये कोणती, हेही पगाराइतकेच स्पष्ट लिहिले जाणे अगत्याचे आहे. नाव खालचे आणि जबाबदारी जुनीच, असा प्रकार झाला तर दोन्हीकडून नुकसान ठरलेले.

उद्योजकांचा आक्षेप असा असतो, की प्रत्येक गोष्ट लिहीत बसल्यास लवचीकपणा राहत नाही आणि अडचणीच्या काळात नोकऱ्या वाचविणे कठीण होते. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. करोनाच्या साथीत पूर्ण वेतन देण्याचा केंद्रीय गृहमंत्रालयाचा २९ मार्च २०२० चा आदेश वादात सापडला, तेव्हा मालक आणि कामगार यांनी आपसांत वाटाघाटी करून तोडगा काढावा, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० च्या अंतरिम आदेशाने दाखविली. पण वाटाघाटींचे फलित लिहून ठेवले, तरच त्या वाटाघाटी ठरतात. एरवी ते एकतर्फी सांगणे असते. शिवाय लेखी पत्र मालकालाही उपयोगी पडते. पुढे ‘मला बळजबरीने खाली आणले’ असा वाद उभा राहिला, तर कर्मचाऱ्याची स्वेच्छा सिद्ध करणारा पुरावा तोच असतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने करार न पाळणे ही अनुचित कामगार प्रथा ठरविली होती. त्यामागे हेच तत्त्व होते, की औद्योगिक शांतता दिलेला शब्द पाळण्यावर उभी असते.

इतर देशांनी ही गोष्ट सोपी करून टाकली आहे. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे सेवाशर्तींतील ठरावीक बदल फार तर महिनाभरात लेखी कळवावे लागतात. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार तर असा बदल ज्या दिवशी लागू होतो त्या दिवसापर्यंत तो कर्मचाऱ्याच्या हाती लेखी पडला पाहिजे. त्यामुळे तेथील उद्योग बुडालेले नाहीत. आपल्याकडे नेमणूकपत्राचे तत्त्व मान्य झाले आहे; तेच तत्त्व बदलपत्रापर्यंत नेणे एवढेच बाकी आहे. पद बदलले की नवे पद, त्याची कर्तव्ये, बदलाचे कारण, मूळ वेतन व भत्ते यांचे आकडे, पुढील वेतनवाढीचा पाया, सेवेचे सातत्य, मागील सेवेच्या ग्रॅच्युइटीचा दर आणि बदल तात्पुरता असल्यास परतीची तारीख, एवढ्या बाबींचे पत्र दोघांच्या सहीने झाले पाहिजे. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही त्यातून वगळता कामा नयेत. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्राला या बाबतीत पुढाकार घेण्यास वाव आहे. माथाडी कायदा करणाऱ्या राज्याला तो शोभेलही.

कायदा होईपर्यंत नोकरदाराने हात बांधून बसण्याचे कारण नाही. वरिष्ठांशी बोलणे झाले, की त्याच दिवशी झालेल्या बोलण्याचा गोषवारा पत्राने वा ईमेलने कळवून ‘यात काही चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे’ अशी विनंती करणे कोणालाही शक्य आहे. त्यात उद्धटपणा नाही आणि अविश्वासही नाही. घर भाड्याने देताना सख्ख्या मित्राशीही आपण करारपत्र करतो. आयुष्याची वीस वर्षे ज्या संस्थेला दिली, तिच्याशी नवा व्यवहार करताना चार ओळींची अपेक्षा ठेवणे गैर कसे म्हणता येईल? कामगार संघटनांनीही वेतनकरारांच्या मोठ्या आकड्यांबरोबर अशा चार ओळींचा नमुना आपल्या सभासदांच्या हाती ठेवला, तर त्यांच्या हातून मोठे काम होईल. पायरी उतरण्याची वेळ आज ना उद्या अनेकांवर येणार आहे. ती मानाने उतरता यावी, यासाठी आधी कागद हाती घ्यावा आणि मगच पाऊल खाली टाकावे.